प्रतिक्षाचा उजवा अंगठा

२१ जुलै

ताई,

पत्राचा मायना सातवीत पाठ केला होता. पण जिच्याशी तीन वर्षं एक शब्द बोलले नाही अशा सख्ख्या बहिणीला काय लिहायचं, ते काही बाईंनी शिकवलं नव्हतं. म्हणून नुसतं ताई.

मी समीक्षा. पहिलं सांगते, घरी सगळे बरे आहेत. पाकिटावर आपल्या खांब गावचा शिक्का बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल म्हणून आधी सांगितलं. आईबाबा लावणीला वरच्या खाचरात गेलेत, वैशालीआत्या तांदूळ निवडतेय आणि मी पडवीत बसून भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. तुझा पत्ता आत्यानेच दिला. मी सहज विचारलं, "सुरभीताई पेणला कुठं राहते गो आत्या?" तर तिने तांदळाच्या डब्याखालून घडी घातलेला कागद काढून दिला. तो तिच्याकडे कसा आला ते मी विचारलं नाही. तुझ्याबद्दल काही विचारायची आपल्या घराची सवयच मोडली आहे.

फोन केला असता, पण फोन बाबांचा. तू गेलीस त्याच दिवशी त्यांनी तुझा नंबर पुसला, आईच्या फोनमधूनही पुसला.

बातमी एवढीच की यंदा मी शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन झाले. उजवा कोपरा माझा. चढाईला प्रतिक्षा आहे, आपल्या हौसाकाकूची. तू गेलीस तेव्हा ती नाक पुसत फिरायची, आता दिनानाथ सर म्हणतात की अशी चढाई त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत कोणी केली नाही. सर कोणाचं कौतुक करत नाहीत हे तुला माहीत आहे.

आता काम. शाळेत आरोग्याचा प्रकल्प आहे, विषय फिट येणे. एखाद्याला फिट आली तर काय करायचं, कांदा किती वेळ हुंगवायचा, दातांत चमचा धरायचा की लाकूड, आणि असा माणूस पळापळीचे खेळ खेळला तर काय होतं, हे सविस्तर लिहून पाठव. तू नर्स आहेस म्हणून विचारतेय. मागचं मी विसरलेले नाही.

उत्तर आत्याच्या नावाने पाठव. पोस्टमन दुपारी येतो तेव्हा घरी तीच असते. लवकर पाठव, प्रकल्पाला मार्क आहेत.

समीक्षा

९ ऑगस्ट

ताई,

तुझ्या पत्रातलं पहिलंच वाक्य, "प्रकल्प कोणाचा आहे, नाव सांग." तीन वर्षांत तू जराही सुधारली नाहीस.

प्रतिक्षाचा.

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. मैदानात पाणी साचलं होतं म्हणून सर व्हरांड्यात सराव घ्यायचे, सकाळी शाळेच्या आधी. आम्ही दोघी सामानाच्या खोलीत केस बांधत होतो. तिच्या हातातली फणी उडाली. कोणी हिसकल्यासारखी उडाली आणि भिंतीवर आपटली. मी हसले. ती पण हसली. मग ती पडली.

पुढचं तुला सांगायला नको, तू रोज बघत असशील. मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. घरात आत्याला यायची तेव्हा आई आम्हाला बाहेर काढायची. मी प्रतिक्षाच्या दातांत बोटं घातली. दोन बोटांवर अजून वण आहे, आईला सांगितलंय दारात सापडली. किती वेळ गेला माहीत नाही. सर बाहेर शिट्टी वाजवत होते आणि मी दार आतून लावून बसले होते. दार का लावलं ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. हौसाकाकूनेही आधी दारच लावलं. मग माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"शपथ घे. म्हण, मी मेले तरी कुणाला सांगणार नाय."

"काकू, सरांना तरी सांगूया."

"सरांना सांगितलंस तर सर तिला बसवतील. बसवली का लोकं इचारतील, का बसवली. आनी येकदा कळलं का माझ्या पोरीला कोन करून घेईल गो? तुमच्या घरात हाय ना येक. बघतेस ना रोज?"

मी शपथ घेतली. तिचा गळा गरम होता आणि आतून उडत होता.

गोळी आहे, पनवेलच्या डॉक्टरांची, सकाळ-संध्याकाळ. शेजारी कोणी विचारलं तर रक्त वाढायची गोळी म्हणून सांगतात. प्रतिक्षा म्हणते गोळी चालू झाल्यापासून कमी झालंय, फक्त सकाळी कधीकधी हातातून वस्तू उडतात.

तू लिहिलंस ते सगळं मी पाठ केलं. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा परत आली तर दवाखाना. कांदा मी खेळाच्या बॅगेतून काढून टाकला. महिनाभर तो माझ्या बुटांजवळ होता, त्याला कोंब फुटला होता.

पण सरांना सांग असं जे तू तीन वेळा लिहिलंस, ते मला जमणार नाही. सांगून काय होतं ते मी पाहिलंय. साखरपुड्याला चार दिवस असताना तू परस्पर कोलाडला गेलीस आणि आत्याच्या होणाऱ्या सासरी सांगून आलीस की तिला फिट येतात. ते लोक आपल्या दारात येऊन बाबांना काय काय बोलून गेले. बाबांनी तुला घराबाहेर काढलं आणि तू एकदाही मागे वळून चूक झाली म्हणाली नाहीस. आत्या त्या दिवसापासून पडवीत तांदूळ निवडत बसली आहे. मी तेरा वर्षांची होते, पण तेव्हाच ठरवलं होतं की मी तुझ्यासारखी होणार नाही.

तरी तुलाच लिहितेय. कारण दुसरं कोणी नाही आणि मला फार भीती वाटते. बचावाला उभं राहताना आम्ही साखळी करतो. प्रतिक्षाचा उजवा हात माझ्या डाव्या हातात असतो. समोर दुसऱ्या संघाची मुलगी चढाईला येते, तिच्या पायांकडे बघायचं असतं, आणि माझं सगळं लक्ष प्रतिक्षाच्या अंगठ्याकडे असतं. फणी उडाली तेव्हा आधी तो अंगठाच हलला होता.

समीक्षा

१ सप्टेंबर

ताई,

तालुका जिंकलो! रोह्याला, अंतिम सामना अकरा गुणांनी. प्रतिक्षाने एका चढाईत तिघींना बाद केलं. सरांनी सगळ्या संघाला पुलावरून चालत पलीकडच्या अष्टमी गावात नेऊन आइस्क्रीम दिलं, आणि हे तेच सर जे आम्हाला पाणीसुद्धा घोटघोट पाजतात.

हे झालं सगळ्यांना सांगायचं. आता तुला सांगायचं.

उत्तरार्धात साखळीत उभे असताना तिचा अंगठा हलला. दोनदा. मी साखळी सोडून खाली बसले आणि घोटा धरून ओरडले. सामना थांबला. सर स्प्रे घेऊन धावत आले आणि माझ्या धडधाकट पायावर अर्धी बाटली मारली. मी त्यांच्या खांद्यावरून प्रतिक्षाकडे बघत होते. ती पाणी पीत होती. नंतर कानात म्हणाली, "काय नाय गो. रात्री झोप नाय झाली, म्हणून." खरंच काही झालं नाही. पण मला लगेच उठताच येईना. उठले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुखऱ्या पायाने कॅप्टन खेळतेय म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू लिहिलंस ना, झोप चुकवायची नाही, जेवण चुकवायचं नाही, जेवल्यावर गोळी चुकवायची नाही. ते मी तिला सांगितलं. आता ती रोज मला बघितलं की तीन बोटं दाखवते आणि जीभ काढते. तिला कशाचीच भीती वाटत नाही. तिच्या वाटणीची पण मीच घाबरते बहुतेक.

आत्या विचारत होती, सुरभीने माझ्याबद्दल काही लिहिलंय का. मी नाही म्हटलं. तू लिहीत का नाहीस?

समीक्षा

१९ सप्टेंबर

ताई,

गणपती गेले आणि आमचं संकट आलं. प्रतिक्षाचं वजन साडेछप्पन भरलं. शाळेचा काटा मनाला येईल ते दाखवतो म्हणून सर सगळ्यांना भातगिरणीवर घेऊन गेले आणि पोत्यांच्या काट्यावर एकेकीला उभं केलं. गिरणीवाला म्हणाला, "सर, हिला सडून देऊ का भरडून?" सगळ्या हसल्या, प्रतिक्षा सगळ्यांत जास्त.

आमच्या गटाला पंचावन्न किलोची मर्यादा आहे. वर शंभर ग्रॅम झाले तरी घरी पाठवतात. काही मोदकांनी वाढलं असेल, पण हौसाकाकू म्हणते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, या गोळीने अंग धरतं. जिल्ह्याचे सामने तुमच्या पेणला, २७ तारखेला. प्रतिक्षा नाही तर आमचा संघ नाही. विभागाला गेलो तर क्रीडा प्रबोधिनीचे लोक मुली बघायला येतात. प्रतिक्षाला तिथे जायचंय. तिथे राहायचं, जेवायचं, शिकायचं सगळं बघतात. तिला दहावीनंतर घरी बसायचं नाहीये. तिच्या आईच्या डोक्यात लग्न आहे आणि तिच्या डोक्यात हे.

सरांनी तिला उपास करून वजन उतरवायला सांगितलंय. तू काळजी करू नकोस. सगळ्या मुली करतात. शेवटचे दोन दिवस खाणं बंद, पाणी थोडं, स्वेटर घालून पळायचं. काही जणी तर वजनाच्या सकाळी बाटलीत थुंकत बसतात, तेवढंच पन्नास ग्रॅम.

तू येशील का बघायला? बाबा येणार नाहीत, म्हणालेत की शेतात रानडुक्कर शिरतंय. लांब कुंपणाजवळ उभी राहा, ओळख दाखवू नकोस. फक्त आलीस तर मला बरं वाटेल. तू माणसं उचलायला शिकली आहेस.

समीक्षा

२८ सप्टेंबर

ताई,

प्रतिक्षा जिवंत आहे. हे पहिलं.

तुझी ड्यूटी होती म्हणून नाही आलीस की आली होतीस आणि मला दिसली नाहीस? मी दोन्ही सामन्यांत कुंपणाकडे बघत होते.

सकाळी वजन झालं. चोपन्न किलो नऊशे. प्रतिक्षाचे ओठ फुटले होते पण ती काट्यावरून उडी मारून उतरली. मग केळी खाल्ली, ग्लुकोज प्यायली, आणि पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. उपांत्य सामन्यात मध्यंतराला चार गुणांनी पुढे होतो.

मध्यंतरानंतर तिसरी की चौथी चढाई त्यांची. साखळी. अंगठा हलला. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, नाही म्हणून. या वेळीही पाय मुरगळल्याचं नाटक करायचं माझ्या डोक्यात आलं होतं. आलं होतं ताई, पण चार गुण होते आणि आमचा टाइमआउट संपला होता. त्यांची मुलगी रिकामी परत गेली. पंचांनी आमची चढाई पुकारली आणि प्रतिक्षा माझा हात सोडून गेली.

कबड्डी कबड्डी म्हणत ती मध्यरेषेच्या पलीकडे गेली, उजवीकडे वळली आणि तिचा आवाज बंद झाला. पंचांनी दम गेला म्हणून शिट्टी वाजवली. ती तशीच उभी होती. मग सरळ आडवी झाली. त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीने नुकताच पाय टाकला होता, म्हणून सगळ्यांना वाटलं लाथ बसली. ती बिचारी तोंडावर हात धरून रडायला लागली.

मी पोचले तेव्हा कोणीतरी चप्पल काढली होती, कोणीतरी दात उघडायला बघत होतं. मी त्या माणसाच्या हाताला चावले. खरंच चावले. प्रतिक्षाला कुशीवर वळवलं, माझं ट्रॅकसूटचं जॅकेट डोक्याखाली सरकवलं आणि पंचांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "समीक्षा, तुला हे कुठं शिकवलं?" मी प्रतिक्षाच्या तोंडावरची माती पुसत राहिले.

मिनिडोर रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तुझ्या नाही, मैदानाजवळच्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "हिला आधी असं कधी झालंय? काही औषध चालू आहे?" सर म्हणाले, "नाही हो, लाथ लागली डोक्याला." डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू मैत्रीण ना? तुला काही माहीत आहे?"

मी नाही म्हटलं.

माझा हात होता ना तिच्या आईच्या गळ्यावर. तो गळा मला दिसत होता. डॉक्टरांनी डोक्याला मार म्हणून लिहिलं आणि पनवेलला डोक्याचा फोटो काढायला पाठवायची तयारी सुरू केली. गाडीला अर्धा तास लागणार होता. प्रतिक्षा डोळे मिटून पडली होती, मी तिचा उजवा हात धरून बाकड्यावर बसले होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको. मग अंगठा माझ्या मुठीत हलला.

दुसरी फिट पहिलीपेक्षा मोठी होती. ओठ निळे पडले. मी ओरडत सुटले. गोळीचं नाव ओरडले, किती पॉवरची ते ओरडले, जूनपासूनचं सगळं त्या खोलीत सगळ्यांसमोर ओरडले. सर भिंतीला टेकले. डॉक्टरांनी नर्सला काहीतरी सांगितलं, तिने सुई दिली, आणि थोड्या वेळाने प्रतिक्षाचा हात मऊ पडला. मला वाटलं मेली. डॉक्टर म्हणाले, "झोपलीये. गोळी कधीपासून बंद होती?"

मी सांगितलं, दोन दिवस.

आज ती शुद्धीवर आहे. तिथेच ठेवलंय. आमचा संघ हरला. आम्ही दोघी नव्हतो, साहिराला धरून सहा जणींनी खेळून हरला.

समीक्षा

१ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. त्याआधीच्या पत्रात तर खोटीच लिहिली. ती आता लिहिते.

सरांनी उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. सर एवढंच म्हणाले होते की आठवडाभर भात-साखर कमी करा, आणि नाहीच उतरलं तर तिच्याऐवजी आपण राखीव साहिराला घेऊ. साहिराला चढाई येत नाही. २५ तारखेला प्रतिक्षा अजून छप्पन होती. मी तिला म्हटलं, आजपासून काही खायचं नाही. मी कॅप्टन आहे, मी सांगतेय.

तिने विचारलं होतं, "आनी गोळीचं काय करू?"

ताई, तिने विचारलं होतं. गिरणीच्या मागे उभी राहून, दोन बोटं दुमडून तिसरं वर धरून विचारलं होतं. आणि मी म्हटलं, "उपाशीपोटी गोळी घ्यायची नाय. आई कधी देते का उपाशीपोटी? पोटात आग पडते. दोन दिवसांनी काय होतंय." तुझं पत्र पण आठवलं मला त्या वेळी, जेवल्यावर गोळी असंच तू लिहिलं होतंस. जेवण नाही तर गोळी नाही, असं मी अगदी शहाण्यासारखं समजावलं. ती हो म्हणाली. मी सांगितलेलं ती कधी मोडत नाही.

डॉक्टर म्हणाले, एक दिवस चुकली तरी धोका असतो, हिच्या दोन दिवस चुकल्या, वर उपास, वर पळणं.

दवाखान्यात मी गोळीचं नाव सांगितलं, बंद केल्याचं सांगितलं. बंद कोणी करायला लावली ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फक्त प्रतिक्षाला माहीत आहे. आता तुला.

तू सरळ माणसांची बाजू घेतेस. माझी घेऊ नकोस. पण पत्र फाडू नकोस.

समीक्षा

१४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. तू रागावली नाहीस ते बघून मला जास्त रडू आलं. तू लिहिलंस, "जिला सांगायचं राहिलंय तिला सांग." म्हणजे हौसाकाकूला. मी मनाशी ठरवत होते, पण त्याआधीच ती आमच्या दारात आली.

दसऱ्याला सोनं द्यायला माणसं ओटीवर बसली होती. हौसाकाकू अंगणात उभी राहिली, पायरी चढली नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतलीस गो. आनी गावभर केलंस. सकाळपासून दोघी इचारून गेल्या मला, खरं काय म्हणून."

मी उठले. मी म्हटलं, "काकू, गोळी मी बंद करायला लावली. उपास पण मीच." सगळं सांगितलं, गिरणीच्या मागचं सुद्धा. माणसं हळूहळू उठून गेली, आपट्याची पानं तशीच चटईवर राहिली. काकूने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

बाबा म्हणाले, "एक गेली घरातून. आता ही दुसरी, तिच्याच वळणाची."

तेव्हा आत्या उठली. तिच्या मांडीवरचं सूप उलटलं, तांदूळ सगळीकडे झाले. आत्या आपल्या घरात कधी मोठ्याने बोलत नाही, तिचा आवाज बसलेला होता.

"दादा, सुरभीला मीच पाठवली होती कोलाडला."

बाबांना ऐकू आलं नाही की काय, ते तसेच बसले. तिने परत सांगितलं.

"मला भ्या वाटत होतं. परक्या घरात चुलीपुढं बसायचं, आनी तिथं कुणाला ठाव नाय. जळून मेले असते तर म्हणाले असते पदर पेटला. तुला सांगायची छाती झाली नाय. पोरीला म्हटलं, तू जा, सांग त्यांना. ती गेली. आल्यावर मला म्हणाली, आत्या, माझं नाव वाईट होऊ दे, तुला इथंच राहायचंय. तीन वर्षं मी तिचं नाव वाईट होऊ दिलं."

ताई, तू हे मला एकदा तरी सांगायचंस. मागे पेणच्या स्टँडवर मी तुला बघून तोंड फिरवलं होतं, तेव्हा तरी.

हौसाकाकू पायरीवर बसली. तिने आत्याला विचारलं, "तू कंची गोळी घेतेस?" आत्या म्हणाली, "मला कुणी नेलंच नाय डॉक्टरकडं." बाबा उठून शेताकडे निघून गेले. आई आणि हौसाकाकू दोघी मिळून तांदूळ गोळा करायला लागल्या.

आज शाळा उघडली. मी खांबच्या नाक्यावर एसटीची वाट बघत होते. बाकीच्या मुली माझ्यापासून लांब उभ्या होत्या, अजून बोलत नाहीत. प्रतिक्षा आली. बारीक झालीये. ती सरळ माझ्यासमोर येऊन थांबली, डबा उघडला आणि उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली. नाक्यावरची सगळी माणसं बघत होती. मग तिने दप्तरातून गोळी काढली, तळहातावर सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि पाण्याबरोबर गिळली.

"ही रक्ताची नाय," असं चहावाल्याला म्हणाली. त्याने काही विचारलंसुद्धा नव्हतं.

यंदा खेळायचं नाही. डॉक्टर म्हणाले सहा महिने एकही फिट आली नाही तर परत दाखवायला या, मग बघू. प्रबोधिनीचं माहीत नाही. तोवर सरांनी तिला गुणलेखनाला बसवलंय. सर माझ्याशी मोजकंच बोलतात, पण कॅप्टनपद काढलं नाही. वजनाच्या आधी कोणी उपाशी राहिली तर तो संघ मी नेणार नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलंय. एसटीत प्रतिक्षा माझ्या शेजारी बसली. कोलाडला शाळेपाशी उतरेपर्यंत मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. तो हलला नाही. मला वाटतं मी आता आयुष्यभर बघत राहणार.

आता शेवटचं. मघाशी बाबा बाहेरून आले आणि फोन माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "लाव सुरभीला. वैशूला घेऊन जायचंय म्हणावं तिच्या डॉक्टरकडं."

नंबर कोणालाच आठवेना. आईला पहिले चार आकडे आले, पुढचे नाहीत. मला तर एकही नाही. आत्याच्या कागदावर नुसता पत्ता आहे, आणि तू कुठल्याच पत्रात नंबर लिहिला नाहीस. आम्ही चौघं त्या फोनकडे बघत बसलो. मग बाबा म्हणाले, "मंग लिही. माझा नंबर घाल." मी म्हटलं, तुमचा तिला पाठ असेल. तर त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. शेवटी जे दहा आकडे आहेत ते त्यांच्या अक्षरातले आहेत.

मला भीती वाटते की तू फोन करणार नाहीस. मी तुझ्या जागी असते तर कदाचित केला नसता.

आपल्याकडे रेंज फक्त पडवीच्या खालच्या पायरीवर येते, तुला माहीतच आहे. पत्र अजून माझ्या हातात आहे, उद्या सकाळी पेटीत पडेल. तरी बाबांनी फोन आत्ताच त्या पायरीवर नेऊन ठेवलाय, आणि पाऊस भुरभुरायला लागला म्हणून आत्या त्याच्यावर सूप धरून बसली आहे.

समीक्षा